नायगावची लेक

अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या सज्जनांना जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले, हे आपल्या पुष्कळ भगिनींना ठाऊक आहे. त्याआधी पाच वर्षे सावित्रीबाईंनी आपल्या साताऱ्याकडेच दोन जीव सोडवले, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही.

खंडाळा तालुक्यातील नायगावी, खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी, ३ जानेवारी १८३१ रोजी त्या जन्मल्या. १८४० साली लग्न होऊन पुण्यास गेल्या. तेथे मुलींना शिकवू लागल्या.

१८६८ च्या ऑगस्टात त्या माहेरी होत्या. पंचांग सांगत गावोगाव फिरणारा गणेश हा ब्राह्मण आणि शारजा ही महार मुलगी यांचे प्रेम जडले होते. तिला सहावा महिना होता. गावकऱ्यांनी दोघांना मारीत रस्त्याने चालवले होते, जिवे मारायचाच बेत! बाई धावत गेल्या. खून केलात तर इंग्रज सरकार सोडणार नाही, अशी समज त्यांनी दिली. माहेरच्या माणसांसमोर असे उभे राहणे किती कठीण, ते आपण बायकाच जाणतो. अखेर दोघांनी गाव सोडावे, एवढ्यावर भागले. बाईंनी त्यांना पत्र देऊन जोतीरावांकडे धाडले.

१८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्चला त्या गेल्या.