फ्रेडी मर्क्युरी

फ्रेडी मर्क्युरी (जन्मनाव: फारोख बुलसारा, ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार – २४ नोव्हेंबर १९९१, लंडन) हे ब्रिटिश गायक, गीतकार आणि 'क्वीन' या रॉक बँडचे प्रमुख गायक होते. रॉक संगीताच्या इतिहासात २४ नोव्हेंबर १९९१ या तारखेस दोन मृत्यूंची नोंद आहे. त्याच दिवशी अमेरिकेतील 'किस' या बँडचे ड्रमवादक एरिक कार यांचेही कर्करोगाने निधन झाले. मर्क्युरी यांच्या वृत्तापुढे ती बातमी झाकोळली गेली.

पाचगणीतील शालेय जीवन

बुलसारा कुटुंब पारशी असून त्यांचे आडनाव गुजरातमधील बुलसार (आताचे वलसाड) या गावावरून आले आहे. वडील बोमी झांझिबारमध्ये ब्रिटिश शासनाच्या नोकरीत रोखपाल होते. वयाच्या आठव्या वर्षी फारोख यांना सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथील सेंट पीटर्स स्कूल या निवासी शाळेत पाठविण्यात आले. तेथे त्यांनी पियानोचे शिक्षण घेतले आणि चार सहाध्यायांसह 'द हेक्टिक्स' हा बँड स्थापन केला. विशेष म्हणजे त्यात ते मुख्य गायक नव्हते, तर पियानोवादक होते. 'फ्रेडी' हे नावही त्यांना याच शाळेत मिळाले. त्यांच्या चरित्रांत हा कालखंड बहुधा थोडक्यात आटोपला जातो. मात्र पियानो, नाव आणि रंगमंच या तिन्हींशी त्यांचा संबंध येथेच जडला.

क्वीन

१९६४ च्या झांझिबार क्रांतीनंतर हे कुटुंब इंग्लंडला गेले. मर्क्युरी यांनी ईलिंग येथे कलाशिक्षण घेतले व १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासह 'क्वीन'ची स्थापना केली. बँडचे मानचिन्हही त्यांनीच रेखाटले. त्यांनी लिहिलेले, सुमारे सहा मिनिटांचे 'बोहेमियन ऱ्हॅप्सोडी' (१९७५) हे गीत रेडिओसाठी फार लांब ठरेल, अशी शंका व्यक्त झाली होती. प्रत्यक्षात ते ब्रिटनमध्ये ९ आठवडे अग्रस्थानी राहिले. १३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्ली येथील 'लाइव्ह एड' कार्यक्रमातील बँडचे सुमारे २० मिनिटांचे सादरीकरण विशेष गाजले.

आजार आणि निधन

१९८७ मध्ये त्यांना एचआयव्हीचा संसर्ग झाल्याचे निदान झाले. एड्सभोवती त्या काळी भीती आणि कलंकाची भावना होती. वृत्तपत्रांचा ससेमिरा असूनही त्यांनी आजार गुप्त ठेवला आणि ध्वनिमुद्रण सुरू ठेवले. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्यांनी निवेदनाद्वारे तो जाहीर केला. दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, राहत्या घरी त्यांचे निधन झाले. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. त्यानंतर पुन्हा प्रकाशित झालेले 'बोहेमियन ऱ्हॅप्सोडी' ब्रिटनमध्ये दुसऱ्यांदा अग्रस्थानी पोहोचले आणि त्याचे उत्पन्न एड्सविषयक कार्य करणाऱ्या संस्थेस देण्यात आले. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्ब्ली येथे त्यांच्या स्मरणार्थ मैफल झाली.

५ सप्टेंबर २०१६ रोजी, त्यांच्या ७० व्या जन्मदिनी, १९९१ मध्ये शोधल्या गेलेल्या १७४७३ क्रमांकाच्या लघुग्रहास त्यांचे नाव देण्यात आले.