पवनाकाठचे मोरया गोसावी

विसर्जन मिरवणुकीत मोरयाचा गजर करणाऱ्या अनेकांना हे एका माणसाचेही नाव आहे, याची कल्पना नसते. त्या माणसाची, गणेशभक्त मोरया गोसावी यांची संजीवन समाधी चिंचवडगावात पवनेच्या काठी आहे.

वामनभट व पार्वतीबाई या दांपत्याला मोरगावच्या मयूरेश्वराच्या कृपेने झालेला हा पुत्र, अशी परंपरा सांगते. थेऊरला अनुष्ठान, नंतर ताथवडे आणि अखेर चिंचवड, असा त्यांचा प्रवास झाला. मोरगावच्या वारीचा नेम मात्र त्यांनी कधी सोडला नाही. अंतर सुमारे ८० किलोमीटर, तेही पायी. म्हातारपणी पाय थकले. एकदा पोहोचायला उशीर झाला आणि देवळाची दारे बंद झाली होती. तेव्हा भक्ताचे हाल पाहून देवानेच चिंचवडला येण्याचे कबूल केले आणि कऱ्हेच्या पात्रात स्नान करताना मोरयांच्या हाती गणेशाचा तांदळा आला, अशी आख्यायिका आहे. ती मूर्ती चिंचवडच्या मंगलमूर्ती वाड्यात आहे. गंमत अशी, की देव घरी आला तरी वारी थांबली नाही. भाद्रपदात व माघात चिंचवडहून देवाची पालखी मोरगावला जाते.

समाधीमंदिर बुटके, साधे आहे. चौकोनी मंडप, आत अष्टकोनी गाभारा. उंच शिखरे पाहण्याची सवय झालेल्या पर्यटकाचा येथे थोडा विरस होतो. पण गाभाऱ्याच्या मागील भिंतीवरचा मराठी शिलालेख चुकवू नये. शके १५८० (इ. स. १६५८), विलंबी संवत्सरात कार्तिक शुद्ध द्वादशीला आरंभ आणि पुढच्या विकारी संवत्सरात आषाढ शुद्ध चतुर्थीला समाप्ती, असे त्यात नोंदले आहे. म्हणजे जेमतेम आठ महिन्यांचे काम!

हाच लेख एक पेच उभा करतो. परंपरा समाधीचे वर्ष १५६१ मानते, तर मंदिर पुत्र चिंतामणी महाराजांनी बांधल्याचे सांगते. वडिलांच्या समाधीनंतर ९७ वर्षांनी मुलाने देऊळ बांधावे, हे पटण्याजोगे नाही. त्यामुळे मोरयांचा काळ बराच अलीकडे आणावा लागतो.

समाधीचा उत्सव मार्गशीर्ष वद्य षष्ठीला असतो. मंदिर पाहायचे तर तोच काळ बरा. पावसाळ्यात पवना धरणातून विसर्ग वाढला, की नदीचे पाणी थेट मंदिरात शिरते.