अ‍ॅडम ऑस्बोर्न : सुवाह्य संगणकाचा निर्माता आणि नकलेचा वाद

परक्या रचनेवर आपली वस्तू उभी करण्याचे दोन प्रकार भिलाई शहराने पाहिले आहेत. पहिला पोलादाचा. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, सोव्हिएत अभियंत्यांचे आराखडे रीतसर आले आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दुसरा प्रकार तीन-साडेतीन दशकांनंतर आला. देशातील इतर शहरांप्रमाणे येथील लहान दुकानदारही सुटे भाग आणून, ते एका पेटीत जोडून आयबीएमच्या रचनेचे संगणक विकू लागले. या दुकानदारांनी आयबीएमशी कोणताही करार केलेला नव्हता. तरीही त्या यंत्राच्या जोडणीत बेकायदा काही नव्हते. त्यात भरले जाणारे सॉफ्टवेअर अनेकदा चोरीचे असे, हा भाग निराळा.

दुसऱ्याची रचना कोठवर उचलता येते आणि कोठे थांबावे लागते, हा प्रश्न १९८० च्या दशकात अमेरिकेच्या बाजारात आणि न्यायालयांत लढला गेला. त्या दशकात या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलेला एक उद्योजक होता. प्रथम त्याच्या यंत्राचे प्रतिस्पर्धी निघाले, पुढे तोच नकलेचा आरोपी ठरला. त्याचे नाव अ‍ॅडम ऑस्बोर्न. बालपणीची तमिळ बोलणारा हा इंग्रज १८ मार्च २००३ रोजी तमिळनाडूतील कोडाईकनाल येथे निवर्तला.

तिरुवण्णामलैचे बालपण

ऑस्बोर्न यांचा जन्म ६ मार्च १९३९ रोजी बँकॉक येथे झाला. वडील आर्थर ऑस्बोर्न हे इंग्रज, आई लुसिया पोलंडची. आर्थर बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठात अध्यापन करीत. आध्यात्मिक ओढीमुळे हे कुटुंब १९४१ मध्ये भारतात आले आणि अरुणाचलाच्या पायथ्याशी, रमण महर्षींच्या आश्रमाजवळ राहिले. आर्थर बँकॉकला परतले आणि तेथे जपानी सैन्याच्या हाती सापडले. महायुद्ध संपेपर्यंत ते कैदेत होते. आई आणि तिन्ही मुले तिरुवण्णामलै येथेच राहिली. महर्षींच्या सान्निध्यात वावरणाऱ्या या मुलांना तमिळ सहज येत असे. आर्थर यांनी पुढे महर्षींचे चरित्र लिहिले आणि आश्रमाचे द माउंटन पाथ हे नियतकालिक १९६४ मध्ये सुरू केले. पित्याचे नाव अध्यात्माच्या वाचकांना परिचित, तर पुत्राचे संगणकाच्या जगात. दोघांचे नाते ठाऊक असणारे मात्र थोडेच.

अ‍ॅडम यांचे प्राथमिक शिक्षण कोडाईकनालच्या प्रेझेंटेशन कॉन्व्हेंट शाळेत झाले. १९५० मध्ये ते इंग्लंडला गेले. बर्मिंगहॅम विद्यापीठातून १९६१ मध्ये रासायनिक अभियांत्रिकीची पदवी आणि अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठातून १९६८ मध्ये डॉक्टरेट मिळवून त्यांनी शेल या तेल कंपनीत नोकरी धरली. मोठ्या कंपनीच्या शिस्तीत त्यांचे मन रमले नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी ते बाहेर पडले आणि तांत्रिक लेखनाकडे वळले.

त्या वेळी मायक्रोप्रोसेसर ही नवलाईची वस्तू होती आणि तिच्याविषयी सोप्या भाषेत लिहिणारे विरळ होते. ऑस्बोर्न यांनी मायक्रोसंगणकांची ओळख करून देणारे पुस्तक लिहिले. प्रकाशक मिळेना, तेव्हा त्यांनी ते स्वतःच छापले. इम्साय या संगणक कंपनीने आपल्या यंत्राबरोबर ग्राहकाला या पुस्तकाची प्रत देण्यास प्रारंभ केला आणि ऑस्बोर्न यांचा जम बसला. त्यांची प्रकाशनसंस्था १९७९ मध्ये मॅकग्रॉ-हिल या मोठ्या प्रकाशकाने विकत घेतली. नियतकालिकांतील स्तंभांतून ते संगणक कंपन्यांवर कठोर टीका करीत. संगणक महाग आहेत, खरेदीदाराला पुढे सॉफ्टवेअरसाठी वेगळा भुर्दंड पडतो आणि कंपन्या दिलेली मुदत पाळत नाहीत, असा त्यांचा रोख असे. यातील शेवटचा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा.

अकरा किलोंचा संगणक

जानेवारी १९८१ मध्ये ऑस्बोर्न कॉम्प्युटर कॉर्पोरेशन स्थापन झाली. यंत्राची रचना ली फेल्सनस्टाइन या अभियंत्याकडे सोपविण्यात आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये ऑस्बोर्न-१ लोकांपुढे आला. वजन सुमारे ११ किलो, पडदा अवघा ५ इंची, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक फ्लॉपी ड्राइव्ह आणि झाकणाचे काम करणारा कळफलक. झाकण लावल्यावर तो घरगुती शिलाई यंत्राच्या पेटीसारखा दिसे. विमानातील आसनाखाली मावावा असा त्याचा आकार ठरविला होता. आजच्या मोजमापाने त्याला सुवाह्य म्हणणे जड जाते. त्या काळी मात्र पूर्ण संगणक एका हाताने उचलून नेता येतो, हीच अपूर्वाई होती.

यंत्रात तंत्रदृष्ट्या नवे असे काही नव्हते. झेड-८० हा प्रोसेसर आणि सीपी/एम ही कार्यप्रणाली आधीच प्रचलित होती. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७८ च्या सुमारास तयार झालेल्या नोटटेकर या प्रायोगिक संगणकाशी त्याचे साम्य जाणकारांच्या नजरेतून सुटले नाही. झेरॉक्सने तो यंत्र म्हणून बाजारात आणलाच नव्हता. ऑस्बोर्न यांची खरी कल्पकता किमतीत होती. १,७९५ डॉलरमध्ये यंत्र आणि त्याबरोबर वर्डस्टार, सुपरकॅल्क तसेच बेसिक भाषा असे सॉफ्टवेअरही मिळे. ते सुटे घेतले असते तर जवळजवळ तेवढाच खर्च आला असता. ग्राहकांची रीघ लागली. एका टप्प्यावर महिन्याला सुमारे १० हजार यंत्रे विकली जात होती.

हे यश अर्थातच इतरांनीही पाहिले. कॅलिफोर्नियातीलच नॉन-लिनिअर सिस्टिम्स या कंपनीचे प्रमुख अँड्र्यू के हे डिजिटल व्होल्टमीटरचे जनक. त्यांनी १९८२ मध्ये केप्रो-२ आणला. तोच प्रोसेसर, तीच कार्यप्रणाली, तसाच कळफलकाचा कप्पा, बरोबर सॉफ्टवेअरचा संच आणि किंमतही तीच १,७९५ डॉलर. फरक होता तो पडद्यात. ऑस्बोर्न-१ च्या ५ इंची पडद्यावर एका ओळीत ५२ अक्षरे मावत, तर केप्रोच्या ९ इंची पडद्यावर पूर्ण ८० अक्षरांची ओळ दिसे. दिवसभर पत्रे टंकणाऱ्या माणसाला यापुढे काही सांगावे लागत नाही. सुवाह्य संगणक ही कल्पना कोणाच्याही मालकीची नव्हती आणि के यांनी ती अधिक सोयीस्कर करून विकली.

दुसरे आव्हान अधिक मोठे होते. आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. घाईमुळे त्यात बाजारात मिळणारेच भाग वापरले होते. प्रोसेसर इंटेलचा होता, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची होती आणि मायक्रोसॉफ्ट ती इतरांनाही विकू शकत होती. आयबीएमची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट त्यात होती. ती म्हणजे बायॉस, अर्थात यंत्र सुरू करून त्याच्या भागांना कामाला लावणारी छोटी आज्ञावली. तिच्यावर आयबीएमचा कॉपीराइट होता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेल्या तिघांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या कॉम्पॅकने यावर उपाय शोधला. एका गटाने ती आज्ञावली काय करते याची नोंद केली. मूळ आज्ञावली कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या नोंदीवरून नवी लिहिली. कार्य तेच, पण अक्षरे निराळी. नोव्हेंबर १९८२ मध्ये कॉम्पॅकने उचलून नेण्याजोगा, आयबीएमचे सॉफ्टवेअर चालविणारा संगणक जाहीर केला. १९८४ मध्ये फीनिक्स या कंपनीने अशीच बायॉस कोणालाही विकण्यास आरंभ केला. भिलाईतील दुकानदारापर्यंत जी वाट पोहोचली ती येथून निघाली. तंतोतंत आज्ञावली उचलणाऱ्यांना मात्र ही वाट बंद झाली. ॲपल-२ ची कार्यप्रणाली जशीच्या तशी घेणाऱ्या फ्रँकलिन कंपनीविरुद्ध ॲपलने १९८३ मध्ये अपील न्यायालयात विजय मिळविला.

ऑस्बोर्न यांच्या कंपनीला या दुहेरी रेट्याला तोंड देता आले नाही. १९८३ च्या पूर्वार्धात त्यांनी एक्झिक्युटिव्ह या मोठ्या पडद्याच्या नव्या यंत्राचा गाजावाजा केला. ते पुरेशा संख्येने दुकानांत येण्यापूर्वीच जुन्याची मागणी आटली. ग्राहक नव्याची वाट पाहू लागले आणि विक्रेत्यांकडे ऑस्बोर्न-१ पडून राहिले. इतरांना मुदत न पाळल्याबद्दल सुनावणाऱ्या स्तंभलेखकाच्या कंपनीवरच हा प्रसंग आला. १३ सप्टेंबर १९८३ रोजी कंपनीने दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले. व्यवस्थापनशास्त्रात या चुकीला आजही ऑस्बोर्न परिणाम असे म्हणतात. पुढील अभ्यासकांनी या कथेतील सरळपणाबद्दल शंका घेतली आहे. केप्रोने ग्राहक आधीच ओढले होते आणि कंपनीचा हिशेब व साठा यांवर नियंत्रण उरले नव्हते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते अधिक पटण्यासारखे आहे. एका घोषणेने बुडण्याइतकी कंपनी कमकुवत झाली असेल, तर कारण केवळ घोषणेत शोधून भागत नाही. ऑस्बोर्न यांनी जॉन ड्वोरॅक यांच्यासह १९८४ मध्ये या चढउताराची कहाणी हायपरग्रोथ या पुस्तकात मांडली.

बाकाच्या दुसऱ्या बाजूला

त्याच वर्षी त्यांनी पेपरबॅक सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. नावातच धोरण होते. सॉफ्टवेअर पुस्तकासारखे स्वस्त असावे, ही त्यांची जुनी श्रद्धा. त्या वेळी कार्यालयांत लॉटस १-२-३ या हिशेबतक्त्याच्या सॉफ्टवेअरचे राज्य होते. किंमत ४९५ डॉलर. ऑस्बोर्न यांच्या कंपनीचे व्हीपी-प्लॅनर ९९.९५ डॉलरला मिळे. त्यातील आदेशांची मांडणी लॉटसप्रमाणेच होती. लॉटस शिकलेल्या कारकुनाला ते नव्याने शिकावे लागू नये आणि लॉटसमध्ये तयार केलेले तक्ते यातही चालावेत, यासाठी ती तशी ठेवली होती. आतील आज्ञावली स्वतंत्रपणे लिहिलेली होती. म्हणजे कॉम्पॅकने यंत्राच्या बाबतीत जे केले, ते ऑस्बोर्न सॉफ्टवेअरच्या बाबतीत करू पाहत होते.

जानेवारी १९८७ मध्ये लॉटसने त्यांच्यावर दावा लावला. त्याबरोबर मोझॅक या दुसऱ्या कंपनीवरही लावला. लॉटसचे म्हणणे असे की, पडद्यावरील आदेशांची निवड, त्यांचा क्रम आणि त्यांची उतरंड ही लेखकाच्या कृतीसारखीच निर्मिती आहे. बचाव असा की, ती यंत्र वापरण्याची रीत आहे आणि रीतीवर कोणाचा हक्क नसतो. या वादाला एक गमतीची किनार होती. हिशेबतक्त्याची कल्पना मुळात लॉटसची नव्हती. १९७९ मध्ये डॅन ब्रिक्लिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या व्हिजिकॅल्कने ती आणली होती. त्याचे निर्माते असलेल्या कंपनीला लॉटसने १९८५ मध्ये विकत घेतले.

खटला तीन वर्षांहून अधिक काळ चालला. लहान कंपनीसाठी हा काळच शिक्षा असतो, कारण निकाल टांगता असताना विक्रेते माल ठेवण्यास कचरतात. २८ जून १९९० रोजी बोस्टनचे न्यायाधीश रॉबर्ट कीटन यांनी लॉटसच्या बाजूने निर्णय दिला. हिशेबतक्ता ही कल्पना सर्वांना मोकळी आहे, परंतु आदेशांची ती विशिष्ट मांडणी लॉटसची अभिव्यक्ती असून तिला कॉपीराइटचे संरक्षण आहे, असे त्यांनी ठरविले. ग्राहकाची सोय हा युक्तिवाद त्यांना मान्य झाला नाही. पेपरबॅकने अपील न करता तडजोड केली आणि व्हीपी-प्लॅनर बाजारातून गेले. ऑस्बोर्न तोवर कंपनीतून बाहेर पडले होते.

निकालानंतर काही दिवसांतच लॉटसने बोरलँड या मोठ्या कंपनीवर तसाच दावा गुदरला. बोरलँडपाशी अपिलाइतके बळ होते. १९९५ मध्ये अपील न्यायालयाने आदेशांची उतरंड ही व्हिडिओ यंत्रावरील बटणांसारखी कार्यपद्धती असल्याचे मानून लॉटसचा दावा फेटाळला. १६ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयात मते चार विरुद्ध चार अशी समसमान पडली आणि अपील न्यायालयाचा निर्णय कायम राहिला. जो युक्तिवाद ऑस्बोर्न यांच्या कंपनीला वाचवू शकला नाही, तोच जवळजवळ त्याच स्वरूपात बोरलँडला तारून गेला. पैसा आणि चिकाटी यांचा कायद्याशी असलेला संबंध येथे डोळ्यांत भरतो. मूळ प्रश्न मात्र पुरता निकाली निघाला नाही. २०२१ मध्ये गूगल विरुद्ध ओरॅकल या खटल्यातही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गूगलने केलेला वापर न्याय्य ठरविला, परंतु अशा रचनेला कॉपीराइट मिळतो की नाही यावर निर्णय देण्याचे टाळले.

पुन्हा कोडाईकनाल

ऑस्बोर्न यांनी १९९२ मध्ये नोएटिक्स ही आणखी एक कंपनी सुरू केली. त्याच सुमारास मेंदूला होणाऱ्या रक्तपुरवठ्यात वारंवार अडथळे येऊन त्यांची प्रकृती खालावली आणि ते भारतात परतले. जेथे शाळेत गेले त्याच कोडाईकनालमध्ये बहिणीने त्यांची काळजी घेतली. बाहेर बाजार बदलत होता. केप्रो १९९० च्या दशकाच्या आरंभी दिवाळखोरीत निघाली. लॉटसला १९९५ मध्ये आयबीएमने विकत घेतले. कॉम्पॅक २००२ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली. आयबीएमची रचना मात्र इतकी सर्वांची झाली होती की, डिसेंबर २००४ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणकांचा व्यवसाय चीनच्या लेनोव्होला विकण्याचे जाहीर केले. ते पाहण्यास ऑस्बोर्न नव्हते. दीर्घ आजारानंतर वयाच्या ६४ व्या वर्षी, १८ मार्च २००३ रोजी, त्यांचे निधन झाले. ऑस्बोर्न-१ ची यंत्रे आता अनेक देशांच्या संगणक संग्रहालयांत ठेवलेली आहेत.