डहाणूत जन्मलेल्या शाळामास्तरांनी शोधलेला ६१७४ जगभर गाजला, पण त्याआधी त्यांच्या वाट्याला थट्टाच आली

मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा आणि कुठलाही चार अंकी नंबर घ्या. चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. आता त्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या बनवा आणि मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याच्यावर पुन्हा हेच करा. उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य लावा.

उदाहरणार्थ १९०५ घेऊ. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. आता ६१७४ वर हेच करा. ७६४१ वजा १४६७, उत्तर पुन्हा ६१७४!

नंबर कोणताही घ्या, जास्तीत जास्त सात वेळा वजाबाकी केली की गाडी ६१७४ वर येऊन थांबतेच. म्हणूनच या आकड्याला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. ज्यांच्यावरून हे नाव पडलं ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर मूळचे आपल्या डहाणूचे.

विरारहून डहाणू लोकल पकडली की शेवटचं स्टेशन डहाणू रोड. याच डहाणूत १७ जानेवारी १९०५ रोजी कापरेकरांचा जन्म झाला. तेव्हा पालघर जिल्हा नव्हता, डहाणू ठाणे जिल्ह्यात होतं. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. घरात सतत आकडेमोड चालायची, पोराला तिथूनच आकड्यांचं वेड लागलं. आठ वर्षांचे असताना आई गेली. शाळा ठाण्यात झाली, पुढे पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. तिथे असतानाच १९२७ साली त्यांना गणितातलं रँग्लर र. पु. परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली आणि औपचारिक शिक्षण तिथेच संपलं.

१९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत मास्तरकी केली. दिवसा वर्ग घ्यायचे आणि उरलेल्या वेळात कागद, पेन्सिल आणि आकडे.

त्यांच्या शोधांची नावं ऐकली तरी माणूस कळतो. एखाद्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जात असेल, तर ती हर्षद संख्या, म्हणजे आनंद देणारी. रामानुजनांमुळे गाजलेली १७२९ घ्या. अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९.

कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ अधिक ५ म्हणजे २८, म्हणून २३ ही २८ ची जनक. पण २० या संख्येला असा जनकच नाही. अशा संख्यांना त्यांनी नाव दिलं स्वयंभू. एका प्रकारच्या संख्यांना तर त्यांनी रेल्वे स्टेशनचं नाव दिलं. डेम्लो, म्हणजे आजचं डोंबिवली, कारण कल्पना तिथे सुचली होती. १११ चा वर्ग १२३२१ हे त्यातलंच एक देखणं उदाहरण.

आणि ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० अधिक २५ पुन्हा ४५. ही कापरेकर संख्या.

६१७४ चा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. पण पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही, त्यामुळे देशातल्या बऱ्याच गणितज्ञांनी त्यांचं काम पोरखेळ म्हणून उडवून लावलं. कापरेकर मात्र स्वतःच्या पैशाने परिषदांना जात राहिले आणि स्वतःच पुस्तिका छापत राहिले.

हा खरंच पोरखेळ होता का? वसई-विरारमधली जी मुलं कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जातात, त्यांना दुसऱ्या वर्षी डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सचा विषय भेटतो. बरीच मुलं पुन्हा इंटिग्रेशन आणि पाठ करायची सूत्रं असतील असं धरून बसतात. समोर येतात संच, तर्क, मोजणी, ग्राफ आणि सगळ्यात जास्त घाम फोडणारी गोष्ट, सिद्धता. इथे उत्तर बरोबर येऊन भागत नाही, ते नेहमीच का येतं हे दाखवावं लागतं.

६१७४ चंच बघा. चालतील अशा संख्या आहेत ९,९९०. सगळ्या तपासायच्या? गरज नाही. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतला फरक काढा, मग मधल्या दोन अंकांतला फरक काढा. वजाबाकीचं उत्तर म्हणजे ९९९ गुणिले पहिला फरक, अधिक ९० गुणिले दुसरा फरक. १९०५ साठी हे फरक ९ आणि ४, म्हणजे ८९९१ अधिक ३६०, बरोबर ९३५१. पहिला फरक १ ते ९ मधला आणि दुसरा त्याच्याहून मोठा असूच शकत नाही. अशा जोड्या होतात फक्त ५४. एका संध्याकाळी वहीवर सगळ्या तपासून होतात आणि सिद्धता पूर्ण. मोठ्या ढिगातून मोजक्या शक्यता वेगळ्या काढायच्या आणि एकही सोडायची नाही, त्या विषयाचा गाभा हाच.

निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून कापरेकर शिकवण्या घ्यायचे. १९६६ मध्ये पत्नीचं निधन झालं. अखेर मार्च १९७५ मध्ये अमेरिकेच्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्या कामावर लिहिलं आणि जगाचं लक्ष देवळालीकडे वळलं. तेव्हा मास्तर सत्तर वर्षांचे होते.

१९८६ मध्ये देवळालीतच त्यांचं निधन झालं. लोक त्यांना गणितानंद म्हणायचे. आज ६१७४ चा प्रोग्राम लिहिणं हा कोडिंग शिकणाऱ्या मुलांचा नेहमीचा सराव आहे. ज्या वजाबाकीला तेव्हा पोरखेळ म्हटलं गेलं, ती करायला आजही चौथीतल्या पोराला येते, आणि ती ६१७४ वरच का थांबते हे सिद्ध करायला कॉलेजातली मुलं बसतात.