माळावरचा शास्त्रज्ञ

कोळ्याला जाळे विणावयास कोण शिकवितो? त्याला ना शाळा, ना गुरू. नुकतेच जन्मलेले मूलही न शिकविता दूध ओढू लागते. जन्मतःच अंगी असलेल्या ह्या प्रेरणेस सहजप्रवृत्ती म्हणतात. कीटकांतील सहजप्रवृत्तीचे निरीक्षण करण्यात ज्यांनी सारे आयुष्य वेचिले, ते झाँ-आंरी फाब्र होत.

फ्रान्समधील सँ-लेओं ह्या खेड्यात १८२३ साली एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिष्यवृत्ती मिळवून ते शिकले व शिक्षक झाले. आव्हिन्यों येथे सायंकाळच्या वर्गात त्यांनी मुलींना फुलापासून फळ कसे होते, हे शिकविले. तेवढ्यावरून गावात काहूर उठले. १८७०च्या सुमारास नोकरी सुटली, भाड्याचे घरही सोडावे लागले. पण फाब्र डगमगले नाहीत. मुलांसाठी शास्त्रीय पुस्तके लिहून त्यांनी संसार चालविला आणि १८७९ साली सेरिन्यां येथे एक खडकाळ, काटेरी माळ विकत घेतला. लोकांच्या लेखी ती जमीन कवडीमोलाची होती. फाब्र यांना मात्र ती कीटकांचे नंदनवन वाटली.

त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. जमिनीत बीळ खणणारी एक गांधीलमाशी डंख मारून रातकिड्यास निश्चल करते. त्यास बिळाच्या तोंडाशी ठेवून ती आत डोकावून येते आणि मगच भक्ष्य आत ओढते. ती आत गेली असता फाब्र यांनी रातकिडा दूर सरकविला. माशीने तो पुन्हा तोंडाशी आणला आणि ती पुन्हा आत पाहावयास गेली! असे चाळीस वेळा घडले. तरी तिने आपला क्रम सोडला नाही. जन्मजात कौशल्य अचूक खरे, पण नव्या प्रसंगी ते आंधळे ठरते, असे ह्यावरून दिसले.

पुढे दुसऱ्या एका ठिकाणच्या माश्या मात्र दोन-तीन वेळा फसल्यावर रातकिडा सरळ आत नेऊ लागल्या. पहिल्या अनुभवास छेद देणारी ही गोष्टही फाब्र यांनी लपविली नाही. जशी पाहिली तशीच लिहून ठेविली.

१८७९ ते १९०७ ह्या काळात त्यांच्या निरीक्षणांचे दहा खंड प्रसिद्ध झाले. उत्क्रांतिवाद त्यांना मान्य नव्हता. तरीही त्या वादाचे प्रणेते डार्विन त्यांच्या निरीक्षणशक्तीचे चाहते होते. १९१५ साली फाब्र निवर्तले. अशा प्रवृत्तींची बीजे आईबापांकडून जनुकांच्या द्वारे संततीत उतरतात, हे आज आपणांस ठाऊक आहे. मुलांनो, कोळ्यास जाळे विणणे उपजतच येते. डोळे उघडे ठेवून पाहणे आणि पाहिले तेच प्रामाणिकपणे सांगणे, हे मात्र माणसाला प्रयत्नानेच साधावे लागते.