आयडा स्कडर

डॉ. आयडा सोफिया स्कडर (जन्म : रानीपेट, मद्रास इलाखा, ९ डिसेंबर १८७०, मृत्यू : कोडाईकनाल, मे १९६०) या भारतात कार्य केलेल्या अमेरिकी मिशनरी डॉक्टर होत. तमिळनाडूतील वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेज व रुग्णालय या संस्थेच्या त्या संस्थापिका आहेत. स्त्रियांसाठी काढलेल्या एका छोट्या दवाखान्यापासून त्यांनी आरंभ केला. निरनिराळ्या पंथांच्या आणि देशांच्या मिशनांनी चालविलेली विखुरलेली रुग्णालये एकत्र येऊन स्वतःचे डॉक्टर व परिचारिका घडवू शकतील, अशी सामाईक संस्था त्यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली.

घराणे व बालपण

आयडा यांचे आजोबा डॉ. जॉन स्कडर हे १८१९ मध्ये प्रथम श्रीलंकेत व नंतर मद्रास इलाख्यात आले. अमेरिकेतून या भागात आलेल्या पहिल्या वैद्यकीय मिशनऱ्यांत त्यांची गणना होते. त्यांची मुले व नातवंडे मोठ्या संख्येने दक्षिण भारतात मिशनच्या कामात राहिली. आयडा यांचे वडीलही डॉक्टर होते. त्यांचेही नाव जॉन. आईचे नाव सोफिया. १८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळ आयडा यांनी लहानपणी पाहिला. उपासमारीने खंगलेल्या मुलांना भाकरीचे तुकडे भरविण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले होते. पुढे कुटुंब अमेरिकेस गेले आणि मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थफील्ड येथील मुलींच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. घराण्याची परंपरा आपण चालवायची नाही, असा त्यांचा त्या वयातील निश्चय होता.

तिंडिवनम येथील रात्र

आई आजारी असल्यामुळे १८९० मध्ये आयडा तिंडिवनम येथे आल्या. काही काळ राहून परत जाण्याचा त्यांचा बेत होता. तेथे एकाच रात्री तीन गृहस्थ एकामागून एक त्यांच्या दाराशी आले. एक ब्राह्मण होता, दुसरा मुसलमान आणि तिसरा उच्चवर्णीय हिंदू. तिघांच्याही तरुण पत्नी बाळंतपणात अडल्या होत्या. आयडा डॉक्टर नव्हत्या. त्यांचे वडील जाण्यास तयार होते, परंतु परपुरुषाने आपल्या पत्नीला तपासावे हे तिघांनाही मान्य नव्हते. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया मरण पावल्या. या घटनेनंतर आयडा यांनी डॉक्टर होऊन परत येण्याचा निर्णय घेतला.

त्यांनी १८९५ मध्ये फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. कॉर्नेल विद्यापीठाचे न्यूयॉर्क येथील वैद्यकीय महाविद्यालय स्त्रियांना खुले झाल्यावर त्यांनी शेवटचे शिक्षण तेथे घेतले आणि १८९९ मध्ये पदवी मिळविली. भारतात परतण्यापूर्वी शेल नावाच्या न्यूयॉर्कमधील एका बँक व्यावसायिकाने आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ रुग्णालय बांधण्यासाठी त्यांना १०,००० डॉलर दिले.

वेल्लोरमधील आरंभ

जानेवारी १९०० मध्ये आयडा आपल्या मैत्रीण ॲनी हॅनकॉक यांच्यासह भारतात आल्या. वडिलांच्या हाताखाली अनुभव घेण्याचा त्यांचा विचार होता, पण काही महिन्यांतच वडिलांचे निधन झाले. राहत्या बंगल्यातच एका खाटेचा दवाखाना सुरू झाला. घरातील सेवकाची पत्नी सलोमी ही त्यांची पहिली मदतनीस होती. १९०२ मध्ये ४० खाटांचे मेरी टेबर शेल रुग्णालय उघडले. त्या काळी तेथील एकमेव शल्यचिकित्सक आयडा याच होत्या.

रुग्णालय भरू लागले तरी खेड्यांतील बहुतेक रुग्ण तेथवर पोहोचत नसत. बैलगाडीचा प्रवास लांबचा होता आणि मजुरी बुडविणे परवडण्यासारखे नव्हते. म्हणून आयडा यांनी वेल्लोर ते गुडियात्तम या रस्त्यावर आठवड्यातून एकदा फेरी सुरू केली. आधी बैलगाडीने आणि १९०९ पासून मोटारीने ही फेरी होई. मोटार प्रथम दिसली तेव्हा गावकरी भिऊन पळाले, असे सांगतात. पुढे मात्र ठरलेल्या झाडांखाली लोक आपापले रुग्ण घेऊन वाट पाहू लागले. तेथेच जखमा धुतल्या जात व औषधे वाटली जात. ज्यांना शस्त्रक्रियेची गरज असे त्यांना रुग्णालयात आणले जाई. रस्त्याच्या कडेचे दवाखाने म्हणून हा उपक्रम प्रसिद्ध झाला.

परिचारिका व डॉक्टर घडविण्याचे कार्य

एकट्या डॉक्टरच्या कष्टांना मर्यादा आहे, हे आयडा यांना लवकरच कळून आले. त्या रजेवर गेल्या की रुग्णालयाचे काम अडे. दक्षिण भारतातील इतर मिशन रुग्णालयांची स्थिती वेगळी नव्हती. प्रत्येक रुग्णालय एका स्वतंत्र मिशनचे असे. बहुधा परदेशातून आलेला एखादा डॉक्टर ते चालवी आणि तो आजारी पडला किंवा मायदेशी परतला की रुग्णालय बंद पडण्याची वेळ येई. स्वतःचे वैद्यकीय विद्यालय काढणे यांपैकी एकाही मिशनच्या आवाक्यात नव्हते.

१९०९ मध्ये डिलिया हॉटन यांच्या साहाय्याने वेल्लोर येथे परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू झाले. त्यानंतर स्त्रियांसाठी वैद्यकीय विद्यालय काढण्याचा आणि त्याचा भार अनेक मिशनांनी मिळून उचलण्याचा विचार आयडा यांनी मांडला. मद्रास सरकारच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्यासाठी पुरेशा मुली मिळतील असे वाटत नव्हते. प्रत्यक्षात दीडशेच्या आसपास अर्ज आले. १२ ऑगस्ट १९१८ रोजी युनियन मिशन मेडिकल स्कूल फॉर विमेन सुरू झाले. त्याच्या नावातील युनियन हा शब्द निरनिराळ्या मिशनांच्या सहकार्याचा निदर्शक होता. पहिल्या सरकारी परीक्षेत मद्रास इलाख्यातील पुरुष विद्यार्थ्यांपैकी थोडेच उत्तीर्ण झाले. वेल्लोरच्या सर्व विद्यार्थिनी मात्र यशस्वी ठरल्या. पहिली तुकडी १९२२ मध्ये बाहेर पडली.

याच सुमारास अमेरिकेत लुसी पीबॉडी यांच्या पुढाकाराने आशियातील सात महिला महाविद्यालयांसाठी एकत्रित निधी उभारण्यात आला. रॉकफेलर निधीने १० लाख डॉलर देऊ केले होते, मात्र त्यासाठी २० लाख डॉलर लोकवर्गणीतून जमविण्याची अट होती. अमेरिकेतील सामान्य चर्चमधील स्त्रियांनी लहान लहान देणग्यांतून ती पुरी केली. वेल्लोरला त्यातून मिळालेल्या वाट्यामुळे शहरातील नवे रुग्णालय व पुढे बागायम येथील महाविद्यालयाचा परिसर उभा राहू शकला.

पदवीचा पेच

वेल्लोरच्या विद्यार्थिनींना एल.एम.पी. ही पदविका मिळत असे. १९३७-३८ च्या सुमारास मद्रास सरकारने हा अभ्यासक्रम बंद करून एम.बी.बी.एस. पदवी अनिवार्य करण्याचे धोरण स्वीकारले. त्यासाठी उच्च पदव्या असलेले अध्यापक, अधिक खाटा व सुसज्ज प्रयोगशाळा आवश्यक होत्या. हे न जमल्यास विद्यालय बंद पडणार होते आणि त्याच्या विद्यार्थिनींवर अवलंबून असलेल्या खेड्यांतील रुग्णालयांचाही आधार तुटणार होता.

भारतातील ख्रिस्ती वैद्यकीय संघटनेलाही पदवी दर्जाचे सामाईक महाविद्यालय हवे होते, परंतु ते स्त्री व पुरुष दोघांसाठी असावे अशी तिची भूमिका होती. अशी दोन महाविद्यालये चालविण्याइतका पैसा मिशनांकडे नव्हता. वेल्लोरने पुरुषांना प्रवेश दिला तर पाठिंबा देणाऱ्या मिशनांची संख्या वाढणार होती. दुसरीकडे, संस्थेसाठी वीस वर्षे पैसा उभा करणाऱ्या अमेरिकी स्त्रियांपैकी अनेकींचा याला विरोध होता. स्त्रियांनी स्त्रियांसाठी दिलेला निधी अन्यत्र वळविणे त्यांना विश्वासभंगासारखे वाटे. लुसी पीबॉडी याही विरोधकांतच होत्या.

आयडा यांनाही हा निर्णय सोपा नव्हता. स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळावी, याच हेतूने त्या या व्यवसायात आल्या होत्या. अखेरीस त्यांनी सहशिक्षणाचा स्वीकार केला. जुन्या सहकारी दुरावण्याची किंमत त्यांना मोजावी लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, वयाची सत्तरी ओलांडल्यानंतर, त्या अमेरिकेत गावोगाव फिरून निधी व नव्या मिशनांचा पाठिंबा मिळवीत होत्या. १९४२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा आरंभ झाला आणि १९४७ मध्ये १० पुरुष विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. १९५० मध्ये मद्रास विद्यापीठाची कायम संलग्नता मिळाली.

निवृत्ती व निधन

१९४६ मध्ये आयडा निवृत्त झाल्या. लवकरच संस्थेची सूत्रे डॉ. हिल्डा लाझारस या भारतीय स्त्री डॉक्टरकडे आली. निवृत्तीनंतर आयडा यांचे वास्तव्य मुख्यतः कोडाईकनाल येथे होते. त्या अविवाहित राहिल्या. ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदकाने गौरविले होते. मे १९६० मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

वारसा

आयडा यांच्या हयातीतच वेल्लोर हे प्रगत उपचारांचे केंद्र बनले होते. डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवरील पुनर्रचनात्मक शस्त्रक्रिया १९४८ पासून येथे केल्या. १९४९ मध्ये डॉ. जेकब चांडी यांनी भारतातील पहिला मेंदू शल्यचिकित्सा विभाग येथे स्थापिला.

खेड्यांशी असलेले संस्थेचे नाते प्रवेशपद्धतीतूनही टिकून राहिले. अनेक विद्यार्थ्यांची शिफारस विविध चर्च व मिशन संस्था करतात आणि शिक्षण संपल्यावर त्या विद्यार्थ्यांनी ठरावीक काळ त्यांच्या रुग्णालयांत सेवा करावी, अशी अट असते. त्यामुळे स्वतःचे महाविद्यालय काढू न शकणाऱ्या लहान रुग्णालयांना डॉक्टर मिळत राहिले.

महाराष्ट्राशीही या परंपरेचा संबंध आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरचे विद्यार्थी होते. त्यांनी १९७० मध्ये तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. निवडलेल्या गावातील स्त्रियांनाच प्रशिक्षण देऊन आरोग्यसेविका बनविणे हे त्या प्रकल्पाचे वैशिष्ट्य ठरले.