वसंतराव नाईक आणि जिल्ह्याचा कारभार

आपल्या जळकोटच्या आसपास बंजारा समाजाचे अनेक तांडे आहेत, हें वाचकांस सांगावयास नकोच. विदर्भांत पुसद तालुक्यांतील गहुली हें गांवही मूळचें असाच एक तांडा. तेथील फुलसिंग नाईक व होनूबाई या दांपत्याच्या पोटीं 1 जुलै 1913 रोजीं वसंतरावांचा जन्म झाला. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रांतील जिल्ह्यांच्या आणि तालुक्यांच्या कारभाराची जी घडी बसली, ती मुख्यतः त्यांच्या हातून बसली.

गहुलीस त्या काळीं शाळा नव्हती. म्हणून शेजारच्या खेड्यापाड्यांतून पायपीट करीत त्यांनीं प्राथमिक शिक्षण पुरें केलें आणि पुढील शिक्षणासाठीं नागपूर गांठलें. 1940 सालीं ते वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढील वर्षीं वत्सलाबाई घाटे यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. हा विवाह जातीबाहेरचा असल्यामुळें दोन्हीकडील मंडळींचा रोष त्यांस पत्करावा लागला. परंतु तो त्यांनीं शांतपणें सोसला. वकिली करीत असतांनाच 1946 सालीं ते पुसदचे नगराध्यक्ष झाले. नगरपालिकेचें काम म्हणजे नळ, गटारें, दिवाबत्ती आणि लोकांच्या रोजच्या तक्रारी. हें काम दिसावयास क्षुल्लक असलें तरी राज्यकारभाराचें खरें शिक्षण तेथेंच मिळतें असें आम्हांस वाटतें. 1952 सालीं ते तेव्हांच्या मध्यप्रदेशाच्या विधानसभेवर निवडून आले व उपमंत्री झाले. 1956 सालीं विदर्भ मुंबई राज्यांत आल्यावर ते मुंबईस मंत्री झाले, आणि 1 मे 1960 रोजीं महाराष्ट्र राज्य स्थापन झालें तेव्हां महसूल खातें त्यांच्याकडे होतें.

या नव्या राज्यांत तीन निरनिराळ्या मुलखांतील लोक एकत्र आले होते आणि त्यांच्या कारभाराच्या रीतीही तीन होत्या. आपल्या मराठवाड्याची गोष्ट तर सर्वांहून वेगळी. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत येथें निजामाचें राज्य. जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्यास अव्वल तालुकदार म्हणत, दफ्तर उर्दूंत, गांवांत पाटील व पटवारी. उदगीर व अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यांत होते. रस्ता कोठून जावा, शाळा कोठें निघावी, हें रयतेस विचारण्याची पद्धतच नव्हती. मालक बदलला, पण गांवकऱ्याचा अर्ज पूर्वींप्रमाणेंच साहेबाच्या मेजावर पडून राहिला, तर स्वातंत्र्य खेड्यापर्यंत आलें असें कोण म्हणणार?

हाच प्रश्न साऱ्या देशापुढें होता. बलवंतराय मेहता यांच्या समितीनें 1957 सालीं आपला अहवाल दिला, व 2 ऑक्टोबर 1959 रोजीं राजस्थानांत नागौर येथें पंचायत राज्याचा आरंभ झाला. मेहता समितीनें मुख्य भार तालुक्याच्या तोडीच्या पंचायत समितीवर टाकला होता. जिल्ह्याची परिषद केवळ देखरेखीपुरती, आणि तिचा अध्यक्ष कलेक्टर. महाराष्ट्रानें काय करावें हें ठरविण्यासाठीं जून 1960 मध्यें एक समिती नेमण्यांत आली आणि तिचें अध्यक्षपद वसंतरावांकडे आलें. मार्च 1961 मध्यें तिनें अहवाल दिला.

या अहवालाचे दोन निर्णय नीट समजून घेण्याजोगे आहेत. पहिला असा कीं, खरी सत्ता जिल्ह्याच्या पातळीवर, म्हणजे जिल्हा परिषदेस द्यावी. त्याचें कारण सरळ होतें. इंजिनियर, डॉक्टर, शेतीतज्ज्ञ असे जाणते अधिकारी एकेका तालुक्यास पुरविणें परवडणारें नव्हतें. जिल्ह्यास तें साधण्यासारखें होतें. दुसरा निर्णय अधिक धाडसाचा होता. कलेक्टर जिल्हा परिषदेच्या बाहेर राहील. त्याच्याकडे महसूल आणि शांतता-सुव्यवस्था. परिषदेसाठीं त्याच्याच तोलाचा निराळा मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा व त्यानें लोकांनीं निवडलेल्या सभासदांचे ठराव अमलांत आणावे. शिवाय आमदार व खासदार यांसही परिषदेत जागा ठेवली नाहीं. मोठीं माणसें त्या सभेंत बसलीं तर खेड्यांतील नवा सभासद तोंड उघडणार नाहीं, हा त्यामागील विचार. आपल्याच सहकाऱ्यांचा हात आंखडून घेणारा हा निर्णय एका मंत्र्यानें करावा, ही साधी गोष्ट नव्हे. महसूल मंत्री या नात्यानें कलेक्टर त्यांच्याच खात्याचा होता, हेंही लक्षांत ठेवावें.

यशवंतराव चव्हाण तेव्हां मुख्यमंत्री होते. 1961 सालीं कायदा झाला व 1 मे 1962 रोजीं तो अमलांत आला. प्राथमिक शाळा, दवाखाने, लहान रस्ते, गुरांचे दवाखाने हीं कामें जिल्हा परिषदेकडे गेलीं. तालुक्यास पंचायत समिती व गांवास ग्रामपंचायत. आमच्या पालकांपैकीं कित्येकांनीं पहिलीं अक्षरें जिल्हा परिषदेच्याच शाळेंत गिरविलीं असतील. पुढारीही येथेंच घडले. बाभळगांवचे विलासराव देशमुख प्रथम गांवचे सरपंच आणि उस्मानाबाद जिल्हा परिषदेचे सभासद होते. 1999 सालीं ते राज्याचे मुख्यमंत्री झाले.

या व्यवस्थेंत दोष शिरले नाहींत असें नाहीं. शिक्षकांच्या बदल्या हा तर गटबाजीचा आवडता आखाडा होऊन बसला, आणि कित्येक ठिकाणीं जुन्या वतनदाराची जागा नव्या पुढाऱ्यानें घेतली. तरी या नव्या पुढाऱ्यास मतांसाठीं पुन्हा दाराशीं यावें लागतें, हा फरक लहान नव्हे.

मारोतराव कन्नमवार यांच्या निधनानंतर 5 डिसेंबर 1963 रोजीं वसंतराव मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी 1975 पर्यंत, अकरा वर्षांहून अधिक काळ, त्या पदावर राहिले. शेती हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. संकरित ज्वारीचा प्रसार आणि परभणीचें कृषि विद्यापीठ हीं त्यांच्याच कारकिर्दींतील. 1972 च्या दुष्काळांत मराठवाड्यांत खडी फोडावयास गेलेलीं माणसें आजही घरोघरीं आठवण सांगतात. रोजगार हमीची वि. स. पागे यांची कल्पनाही त्याच काळांत राज्यानें उचलून धरली.

1977 सालीं वसंतराव लोकसभेवर निवडून आले. 18 ऑगस्ट 1979 रोजीं सिंगापूर येथें त्यांचें निधन झालें. त्याच वर्षीं जिल्हा परिषदांच्या निवडणुका झाल्या होत्या. त्यानंतरच्या निवडणुकीस 1992 साल उजाडावें लागलें. ही टाळाटाळ थांबावी म्हणून घटनेंत 73 वी दुरुस्ती झाली व 24 एप्रिल 1993 पासून ती लागू झाली. दर पांच वर्षांनीं निवडणूक घेणें तेव्हांपासून घटनेनेंच बंधनकारक आहे. तरीही 2022 सालीं राज्यांतील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली तेव्हां निवडणुका वेळेवर झाल्या नाहींत, आणि जो अधिकारी सभासदांचे ठराव अमलांत आणण्यासाठीं नेमला होता, तोच प्रशासक म्हणून त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून ठराव करूं लागला.